मैनाचे गुडघे आणि तुषारची वरात

सिल्वासा,
रविवार दुपार

ती. सौ. विजयावन्सं,

मालतीचा वाकून नमस्कार. (कागदावर वाकायला काही पडत नाही, प्रत्यक्षात हल्ली टेबलाला धरून वाकते.) दत्तात्रयरावांचा खोकला एव्हाना बसला असेल. बसला नसेल तर अडुळसा चालू ठेवा, आणि त्यांनी तो गुपचूप कुंडीत ओतू नये म्हणून समोर उभ्या राहा. अर्थात तुमच्यासमोर कोणी काही कुंडीत ओतेल असं मला वाटत नाही. पनवेलला पाण्याचं कसं आहे? तुमच्या गच्चीवरच्या मिरच्या वाळल्या का? इकडे आम्ही दोघं बरे आहोत. तिसरीचं मात्र बरं नाही, आणि हे पत्र तिच्याबद्दलच आहे.

आता घरात दोन दोन मोबाईल असताना ही बाई कागद घेऊन का बसली, असं तुम्ही म्हणाल. कारण सांगते, रागावू नका. फोनवर तुम्ही बोलता आणि मी "हो वन्सं" म्हणते. माझं लग्न झाल्यापासून हे असंच चाललंय आणि माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण या वेळी मला सगळं पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायचंय, मधे कोणी "ते राहू दे, मी काय सांगते ते ऐक" असं न म्हणता. कागद ऐकून घेतो. तेव्हा चहा करून घ्या आणि खुर्चीत नीट बसून वाचा.

गेल्या आठवड्यात तुमचा फोन आला. तुषारचं ठरलं, मुलगी मृणाल इथली सिल्वाशाचीच, हॉल नरोली रस्त्याला घेतलाय, वऱ्हाड आमच्याकडे उतरणार, सगळं ऐकून आम्हाला फार आनंद झाला. (गाद्यांची सोय करते. उशा येताना आणा.) मग तुम्ही यांना म्हणालात की घरची घोडी असताना भाड्याची कशाला, माझा तुषार मामाच्या घोडीवर बसूनच हॉलवर जाणार. हे "हो ताई" म्हणाले. फोन ठेवला आणि पानावर येऊन बसले. वन्सं, त्या दिवशी मी वालाचं बिरडं केलं होतं. तुमचा भाऊ बिरड्याला काय करतो ते तुम्हाला ठाऊक आहे. त्याने ते वाटीत तसंच ठेवलं आणि हात धुऊन मैनाच्या शेडमध्ये जाऊन बसला. तेव्हापासून हा माणूस हूं आणि बरं यांखेरीज काही बोलत नाही. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणतात, ताईला शब्द दिलाय. तर या शब्दाचं पुढे काय व्हायचं ते तुमच्या हातात आहे, आणि ठरवण्याआधी ही घोडी म्हणजे काय प्रकरण आहे ते तुम्हाला कळावं, एवढीच इच्छा.

यांची नोकरी तुम्ही जाणताच. सगळं आयुष्य मोजणी खात्यात गेलं. दादरा-नगर हवेलीतलं एकही गाव नसेल ज्याचा नकाशा यांच्या हाताखालून गेला नाही. कुठल्या शेताला कुठला ओढा लागतो, कुठली वाट कुणाच्या बांधावरून जाते, सगळं पाठ. पण हे सगळं टेबलावर बसून. फिरतीचं काम दुसऱ्यांकडे, यांच्याकडे शाई आणि पट्टी. निवृत्त झाल्यावर पहिले काही दिवस बरे गेले, मग हे पडवीतल्या खुर्चीत बसायला लागले. बसले ते बसलेच. सकाळी पेपर, दुपारी तोच पेपर. मी शाळेतून यावं तर माणूस तिथेच, चहाचा कप तिथेच, कपात माशी. आज काय केलंत म्हणून विचारलं तर हसायचे नुसते. वन्सं, भांडणारा नवरा परवडतो, मी भांडून घेते. गप्प बसणाऱ्याचं काय करायचं? मला फार भीती वाटायची तेव्हा. तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही लगेच निघून आल्या असतात.

अशात एक दिवस गोकुळ आला. हा गोकुळ शहाद्याकडचा, नरोलीच्या एका कारखान्यात कामाला होता आणि लग्नाच्या दिवसांत वरातीला घोडी द्यायचा. गावी बापाची शेती बघायला कायमचा परत निघाला होता, आणि घोडीला पदरात घेणारं कोणी तरी शोधत होता. (त्याच्या गावच्या सातबाऱ्याचा अर्ज कधी तरी यांनी नीट लिहून दिला होता म्हणे, म्हणून आमचं घर आठवलं. कोणाचं काम करून द्यावं की नाही, याचा मी तेव्हापासून विचार करतेय.) "घोडी एकदम गरीब शे साहेब," एवढं तो म्हणाला. यांनी तिच्याकडे पाहिलं, तिने यांच्याकडे पाहिलं. पांढरी, म्हणजे धुतल्यावर पांढरी, मोठ्या डोळ्यांची, कपाळावर मेंदीचा जुना डाग. नाव मैना. मला वाटलं, हे हसून नाही म्हणतील. ते खुर्चीतून उठले! नुसते उठले नाहीत, अंगणात उतरून तिच्या मानेवर हात फिरवला आणि मला म्हणाले, मालती, हिच्यावर बसून मी गावांच्या सगळ्या शिवा बघून येणार. जन्मभर कागदावर काढल्या, एकदा डोळ्यांनी बघतो. मी काय बोलणार? माणूस उठला होता. आपल्या मागच्या पेरूच्या वाडीत पत्र्याची शेड टाकली आणि घोडी घरची झाली.

आता पहिला रविवार. हे पहाटेच उठून तयार. अंगात जुना खाकी शर्ट, पायात माळ्यावरचे गमबूट (एकाला उंदराने भोक पाडलेलं), डोक्याला स्कूटरचं हेल्मेट, गळ्यात पाण्याची बाटली. खोगीर गोकुळने दिलेलं, म्हणजे वरातीचंच, लाल मखमलीचं, चारी बाजूंनी सोनेरी गोंडे. नवरदेवासारखेच खुर्चीवर चढून हे घोडीवर बसले. लगाम हलवला. मैना उभी. टाच लावली. मैना उभी. गूळ दाखवला, तिने गूळ खाल्ला आणि उभी. मी पुढून ओढलं, मागून ढकललं, शेजारच्यांनी हैक हैक केलं. ती अगदी शांतपणे उभी, जशी काही कोणाची तरी वाट बघत होती. गोकुळला फोन लावावा तर त्याच्या गावात रेंज नाही. हे हेल्मेट घालून वर तसेच. उतरायला खुर्ची हवी आणि खुर्चीवर मांजर बसलेलं. तेवढ्यात कुंपणापलीकडून आमच्या ममताबेन आल्या. त्यांचं गुजराती लोकांत सगळीकडे जाणं-येणं, शंभर लग्नं जेवलेली बाई. त्यांनी हा देखावा पाहिला आणि पोट धरून हसायला लागल्या. म्हणाल्या, "अरे मालतीबेन, लूण कोण हलवणार? बेन वगर वरघोडो चाले?"

तुम्हालाही कळलं नसेल, मलाही कळलं नव्हतं. त्यांच्या वरघोड्यात, म्हणजे वरातीत, म्हणे नवरदेव घोडीवर बसला की त्याची बहीण मागे लहानशी लोटी घेऊन चालते. लोटीत लूण, म्हणजे मीठ, आणि नाणी, तोंडाला फडकं बांधलेलं. ती लोटी खळखळ वाजवत राहायची, म्हणजे भावाला दृष्ट लागत नाही. आणि आमच्या मैनाने जन्मभर तीच लग्नं केलेली. मागे लोटी वाजली की चालायचं, थांबली की थांबायचं, एवढंच तिला शिकवलेलं. लगाम-बिगाम सगळी शोभा. आम्ही कोकणातली माणसं, आम्ही घोडी घेतली, खोगीर घेतलं, हेल्मेट चढवलं आणि लोटीच घेतली नाही! ममताबेननी घरातून त्यांची लोटी आणून माझ्या हातात दिली. मी एकदा हलवली. मैनाने कान टवकारले, मान वर केली आणि चालायला लागली, इतकी डौलात की वरचा माणूस जवळजवळ मागे पडला.

म्हणजे पुढे काय झालं ते आलंच लक्षात. नवरा घोडीवर आणि मी, शाळेत मुलांना शिस्त लावणारी बाई, मागून लोटी वाजवत रस्त्याने. हात दुखला की थांबायचं, मी थांबले की घोडी थांबणार, घोडी थांबली की हे वरून ओरडणार, "मालती, खंड पाडू नकोस!" (हा खंड शब्द यांना ऑफिसातून लागलाय.) ममताबेन कुंपणावरून सांगत होत्या की हे बायकोचं काम नाही, बहिणीचं आहे, बायको लूण हलवते हे मी जन्मात पाहिलं नाही. त्या वेळी मला तुमची फार आठवण झाली हे खरं आहे. गलोंड्याच्या रस्त्यावर माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई भेटली. ती आधी यांच्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे, आणि शेवटी नमस्कार करून बाजूला झाली. सोमवारी पूर्ण वर्गाला माहीत.

डांबरी रस्ता सोडून सागाच्या वाटेला लागलो आणि मग मात्र बरं वाटायला लागलं, खोटं का बोलू. हे वरून बोलत होते. तो बघ तिकडे नाला, तो मी नकाशात सरळ दाखवलाय आणि इथे बघतेस तर वळलाय. तो दगड शिवेचा, तो कोणा बेट्याने दहा पावलं तरी आत सरकवलाय. इतकं बोलले की त्याआधीच्या वर्षभरात बोलले नसतील. एका पाड्यावर सरुबाई नावाची म्हातारी दारात शेंगा निवडत बसली होती. तिने हेल्मेटवाला नवरदेव बघितला, गोंडे बघितले, मागून लोटी वाजवत येणारी मी बघितली, आणि शेंगा टाकून उठली. नवरी कुठली गो, म्हणून मलाच विचारलं. मी यांची बहीण असेन आणि या वयात भावाला बायको मिळाली असं समजून तिला बरंच कौतुक वाटलेलं दिसलं. मी म्हटलं, बाई, नवरी मीच. त्यावर ती जी आत गेली ती सुनांना घेऊन बाहेर आली, आणि आम्ही वळणावर दिसेनासे होईपर्यंत सगळ्या बघत उभ्या होत्या.

असे चार-पाच रविवार गेले. मैना सकाळी शेडमधून निघताना जरा लाकडासारखी चालायची, मग थोडं अंतर गेलं की मोकळी व्हायची. आम्हाला वाटलं, आळस. (मलाही सकाळी ओट्याशी उभं राहायला वेळ लागतो, पण मला कोणी आळशी म्हणत नाही, निदान तोंडावर.) उतार आला की ती तिरकी तिरकी उतरायची. यांना वाटलं, हुशार आहे, वळणं घेते. घोड्यातलं आम्हाला दोघांनाही काडीचं कळत नाही, हे तुम्हाला एव्हाना समजलंच असेल.

मग तो रविवार. सागाच्या रानापलीकडे टेकाड आहे, तिथून खाली एक पाडा दिसतो. आम्ही टेकाडावर होतो आणि मैना त्या दिवशी पहिल्यापासूनच अडखळत होती. यांनाही ते जाणवलं होतं, परत फिरू या असं म्हणतच होते. तेवढ्यात खाली बँड लागला. पाड्यावर कोणाचं तरी लग्न होतं. वन्सं, त्या घोडीने मान कमानीसारखी केली आणि ती नाचायला लागली. एक गुडघा उचलायचा, जमिनीवर आपटायचा, दुसरा उचलायचा. वरातीत नाचतात तशी, तालावर. आधी आम्ही दोघंही हसलो. मी तर लोटी काखेत धरून मोबाईल काढला, म्हटलं तुम्हाला पाठवू. मोबाईलमध्ये जवळून बघितलं तेव्हा दिसलं. तिचे गुडघे सुजून नारळाएवढे झाले होते, सगळं अंग घामाने निथळत होतं, आणि प्रत्येक वेळी पाय टेकला की ती कण्हत होती. कण्हत होती आणि नाचत होती. मी लोटी केव्हाच थांबवली होती, पण बँडपुढे लोटीला कोण विचारतं? बँड वाजतोय म्हणजे नाचायचं, एवढंच तिला माहीत. नाही म्हणायला तिला कोणी शिकवलंच नव्हतं.

हे वरून ओरडत होते, बंद करा, बंद करा. खाली कोणाला ऐकू जातंय! उतरायला खुर्ची नाही. शेवटी पोटावर पडून घसरत उतरले, एक गमबूट वरच अडकला, पँट फाटली, पण उतरले. आणि अंगातला शर्ट काढून तो तिच्या कानांभोवती गुंडाळला, वरून दोन्ही हात दाबून धरले. बनियनवर, एका पायात बूट, तिच्या मानेला कवटाळून उभे होते आणि रडत होते. सासूबाई गेल्या तेव्हा हे रडले नव्हते असं तुम्हीच मला सांगितलंय. त्या दिवशी मी पहिल्यांदा पाहिलं. मलाही रडू आलं आणि त्याच वेळी रागही आला, कोणाचा ते काही कळेना.

मला यांनी खाली पिटाळलं, बँड थांबवायला. मी उतारावरून धावत, केस सुटलेले, हातात लोटी तशीच, थेट मांडवात शिरले. त्यांना वाटलं नवऱ्याकडची कोणी लांबची आत्या उशिरा पोचली. मला खुर्ची दिली, सरबत दिलं, कोणी तरी कपाळाला कुंकू लावलं. मी म्हणतेय बँड बंद करा, आणि एक बाई म्हणतेय आधी जेवून घ्या. शेवटी बँडवाल्यासमोर जाऊन उभी राहिले आणि वर्गात ओरडते तशी ओरडले. सगळा मांडव चिडीचूप! मग सगळं सांगितलं. माणसं भली होती वन्सं. बँड थांबला तो थांबलाच, नवरदेव स्वतः बाशिंग सावरत वर आला, आणि चार जणांनी मिळून मैनाला मऊ शेतातल्या वाटेने हळूहळू खाली आणलं. आमच्यासाठी त्यांच्या लग्नाची वरात बँडाशिवाय गेली. मी नवरीच्या हातात काही तरी ठेवायला हवं होतं, पण जवळ फक्त लोटी होती, तीच दिली. (ममताबेनना नवी आणून दिली आहे. त्या म्हणतात जुनीच बरी वाजायची.)

दुसऱ्या दिवशी जनावरांच्या डॉक्टर धनश्रीबाई येऊन गेल्या. तरुण पोरगी आहे, पण मैनाच्या पायाशी मांडी घालून बसली आणि एकेक सांधा दाबून पाहिला. म्हणाली, सांध्यातली गादी झिजलीय, हाडावर हाड घासतंय, वरातीच्या डांबरी रस्त्यांनी ही कमाई केलीय. गुळातून द्यायची पूड दिली. हिच्या पाठीवर यापुढे कोणीही बसायचं नाही, डांबरावर न्यायची नाही, उतार नाही. बांधून मात्र ठेवायची नाही, त्याने सांधे जास्त धरतात. रोज मऊ मातीवरून सावकाश चालवायची. यांनी विचारलं, मग बरी होईल? ती म्हणाली, बरी नाही होणार काका, पण चालत राहील.

तर आता आमचं असं चाललंय. रोज सकाळी हे लोटी कमरेला बांधतात आणि घोडीच्या पुढे चालायला लागतात. लोटी पुढे वाजली तरी मैनाला चालतं, हे आम्हाला उशिरा कळलं. (तोवर माझा खांदा निखळायचा राहिला होता.) बांधाबांधाने, ओढ्याच्या कडेने, दोघं आपली चाललेली. खोगीर माळ्यावर टाकलंय. कुठे बँड वाजला तर ऐकू जाऊ नये म्हणून मी तिला लोकरीची कानटोपी विणलीय, दोन्ही कानांना वेगळी, आत कापूस घालून. शाळेतल्या बाया हसतात. हसू देत. हे परत आले की पायाला चिखल आणि तोंडाला उसंत नाही. अमक्याने बांध फोडला, तमक्याच्या विहिरीला पाणी लागलं, तो दगड आज परत जागेवर आलाय, म्हणजे त्याला कळलं मी बघतोय म्हणून! मी पोळ्या लाटत ऐकते. खोटं बोलणार नाही वन्सं, ही घोडी घरात आली तेव्हा मी शिव्या घातल्या होत्या. लीद मीच काढते, पेरूची तीन झाडं तिने खाल्लीत, पडवीत तिचा वास येतो. पण पडवीतली ती खुर्ची आता रिकामी असते, आणि मला ती परत भरलेली बघायची नाही.

आता तुषारची वरात. हॉलपर्यंत सगळा डांबरी रस्ता, पुढे डीजे, आणि वर तुषार. (मुलगा गुणी आहे, दृष्ट लागू नये, पण अंगाने तो दत्तात्रयरावांवर गेलाय.) कानटोपीने लांबचा बँड अडतो, छातीसमोरचा डीजे अडत नाही. मैना नाचणार. गुडघे सुजले तरी नाचणार आणि हॉलच्या दारात पडेपर्यंत नाचणार. आणि हे तिला स्वतः सजवून आणून उभी करणार, कारण ताईला शब्द दिलाय. तुम्ही लहान वयात शाळा सोडून यांना वाढवलंत, यांच्या शर्टाची बटणं शिवलीत, यांची फी भरायला तुमच्या बांगड्या गेल्या, ते हा माणूस एक दिवसही विसरलेला नाही. मैनाला नाही म्हणता येत नाही आणि यांनाही येत नाही. घरात असे दोघं झाले आणि मधे मी.

मी तुमच्याकडे काही मागत नाही. तुम्ही मोठ्या आहात, सगळं समजता, तुम्हाला वाटेल तसं करा. लग्नाची तयारी जोरात असेल. जास्त उभ्या राहू नका आणि गोळ्या वेळेवर घ्या. दत्तात्रयरावांना नमस्कार, तुषारला आशीर्वाद. आमच्याकडे या वर्षी पेरू कमी आले (कारण वर आलंच आहे), पण आहेत तेवढे तुमच्यासाठी ठेवलेत.

तुमचीच,
मालती

ता. क. मागत नाही असं लिहिलं खरं, पण मागतेय. यांना एक फोन करा आणि सांगा की घोडी नको, तुषारला फुलांनी सजवलेली गाडी हवी आहे. तुषारचाच हट्ट आहे, आजकालची मुलं ऐकत नाहीत, असं थोडं चिडून सांगा, म्हणजे यांना खरं वाटेल. या पत्राचं नाव काढू नका. मी असं काही लिहिलंय हे यांना कळलं तर ताईला दिलेला शब्द मोडायला लावला म्हणून महिनाभर माझ्याशी बोलणार नाहीत.

ता. क. दुसरं. हे अगदीच खोटं ठरणार नाही. परवा तुषारनेच मला मेसेज केला होता, मामी काही तरी कर, मला घोड्याची लहानपणापासून भीती वाटते, पण आईला कोण सांगणार. कोणाला सांगणार नाही अशी त्याने माझ्याकडून शपथ घेतलीय. तेव्हा तुम्हाला माहीत आहे हे त्याला कळू देऊ नका.

ता. क. तिसरं. हे आता पोस्टाच्या बाजूलाच निघालेत, म्हणून घाईने बंद करते. पाकीट चांगलं चिकटवलंय.

(यापुढचं अक्षर माझं आहे.)

ताई, पाकीट टाकायला हिने माझ्याच हातात दिलं. वर तुझं नाव दिसलं म्हणून पोस्टाच्या पायरीवर बसून उघडलं. हिने लिहिलंय त्यात गमबूट वर अडकल्याचा भाग वाढवून सांगितलाय, तो नंतर निघाला. बाकी खरं आहे. तुषारच्या नावावर काही खोटं सांगायची गरज नाही. तुझ्या बांगड्यांचं मी विसरलेलो नाही. पण मैना वरातीत येणार नाही, ताई. तुला मी जन्मात पहिल्यांदा नाही म्हणतोय. आता एक कर. हे मिळाल्यावर मला फोन करू नकोस. फोनवर तुझा आवाज ऐकला की मी परत हो म्हणेन. कागदावरचं हे "नाही"च खरं धर.

अनंत